भाल्याची बाजू, काठीची बाजू

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे सूत कातायचं ते पेळूवरून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीवरून. कापसाचा तंतू आखूड, त्यामुळे पेळू हातात मावतो. युरोपात घरोघर कातली जायची ती लोकर, नाहीतर अळशीच्या खोडाचा तंतू. अळशीचा तंतू चांगला लांब. जरा दुर्लक्ष झालं की गुंता. म्हणून तो एका काठीला सैलसर गुंडाळायचा, काठी कमरपट्ट्यात खोचायची, एका हातानं तंतू ओढायचा आणि दुसऱ्यानं चाती, म्हणजे सुताला पीळ देणारी काडी, फिरवायची. मध्येच बोटं थुंकीनं ओली करायची. ही काठी म्हणजे इंग्रजीतली ‘डिस्टाफ’. पुढे चरखा आला, तरी काठी सुटली नाही. ती चरख्यालाच जोडली गेली.

हे काम बायकांचं, आणि कधीच न संपणारं. एक माग चालता ठेवायला एकटीचं सूत पुरत नसे. त्यामुळे गुरं राखतानाही काठी कमरेला असायची.

मग बाई म्हणजे डिस्टाफ, हे समीकरण भाषेत बसलं. आईकडचं गोत ते ‘डिस्टाफ साइड’, बापाकडचं ‘स्पिअर साइड’, म्हणजे भाल्याची बाजू. नवव्या शतकातला इंग्लंडचा राजा आल्फ्रेड मृत्युपत्रात सांगतो, की आजोबांनी आपली जमीन भाल्याच्या बाजूला दिली, चातीच्या बाजूला नाही. गंमत बघा, कपडे चातीवर, जमीन भाल्याला! राज्य बाईच्या हाती गेलं, तर फ्रेंच लोक ते ‘काठीत पडलं’ म्हणत. आपल्याकडे टकळी तोंडाला चिकटली, पण ती पुरुषाचीही चालते; रेडिओवर बोलणाऱ्याची तर हमखास.

इंग्लंडात 7 जानेवारीला ‘संत डिस्टाफचा दिवस’ म्हणत. असा कुणी संत नाही. नाताळची सुट्टी संपून बायका पुन्हा कातायला बसत, त्याची ही थट्टा. सतराव्या शतकातला एक इंग्रज कवी सांगतो, की त्या दिवशी गडी पोरींची अळशी पेटवत आणि पोरी त्यांच्यावर बादल्या रिकाम्या करत.

काठी गेली, शब्द राहिला. अमेरिकेत 1984पासून घोड्यांची एक मोठी शर्यत आहे, फक्त माद्यांसाठी. नाव ‘डिस्टाफ’. 2008मध्ये ते बदलून ‘लेडीज क्लासिक’ केलं. 2013मध्ये पुन्हा ‘डिस्टाफ’ झालं.

नमस्कार.