किती, कुठे, कशात

नमस्कार, श्रोतेहो. आज एका सरकारी पत्रकाबद्दल बोलू.

अमेरिकेतले कारखाने दरवर्षी १ मार्चपर्यंत 'टियर टू' नावाचं पत्रक भरतात. सरत्या वर्षात आवारात कोणतं घातक रसायन किती होतं, कुठे होतं आणि कशात होतं, एवढंच त्यात सांगायचं. किती, कुठे, कशात. एक प्रत राज्याच्या आयोगाकडे, दुसरी स्थानिक आपत्कालीन नियोजन समितीकडे, तिसरी अग्निशमन दलाकडे. हे पत्रक ज्या कायद्याने भरावं लागतं, त्यामागे आपलं भोपाळ आहे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ घडलं, ऑगस्ट १९८५ मध्ये त्याच युनियन कार्बाइड कंपनीच्या अमेरिकेतल्या, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या कारखान्यात वायुगळती झाली, आणि ऑक्टोबर १९८६ मध्ये कायदा आला.

आता टेक्सासमधलं एक गाव ऐका. गावाचं नावच 'वेस्ट', म्हणजे पश्चिम. आहे मात्र राज्याच्या मधल्या भागात! वस्ती अठ्ठावीसशेच्या घरात. बंबावर जाणारे गडी स्वयंसेवक, पोटापाण्याचा उद्योग वेगळा. १७ एप्रिल २०१३, संध्याकाळचे साडेसात. खताच्या गोदामात आग लागल्याची वर्दी आली. गोदाम लाकडी, खताचे कप्पेही लाकडी, आणि वर पाण्याचे फवारे नाहीत. आवारात अमोनियाच्या टाक्या होत्या. अमोनिया फुटला तर काय होतं हे गावाला ठाऊक, म्हणून आलेल्यांचं लक्ष टाक्यांकडे. कप्प्यांत होतं अमोनियम नायट्रेट, शेतात टाकायचं पांढरं दाणेदार खत. ७ वाजून ५१ मिनिटांनी ते उडालं. सुमारे ३० टन खत, जवळजवळ २८ मीटर रुंदीचा खड्डा. १५ माणसं गेली, त्यातले १२ जण मदतीला धावलेले. शेजारी शाळा होती. संध्याकाळ होती म्हणून ती रिकामी होती.

टाक्या मात्र फुटल्या नाहीत.

आणि पत्रक? भरलेलं होतं हो! २०१२ सालच्या पत्रकात अमोनियम नायट्रेट जास्तीत जास्त २७० टन, अमोनिया ५४ टन, अमेरिकी टनांत, असं लिहून दिलेलं होतं. मग माशी शिंकली कुठे? आकडा फाईलमध्ये होता. हे खत आगीत सापडलं तर स्फोट होऊ शकतो, हे बंबावरच्या माणसांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं. माझं स्पष्ट मत आहे, असलं पत्रक टपालाने पाठवूच नये. बंबवाल्यांना चहाला बोलवावं आणि गोदाम पायी फिरवून दाखवावं. चहा तेवढा कागदी कपात देऊ नका, त्याला चव नसते.

चुका कुठे होतात तेही सांगतो. ठरावीक मर्यादेइतका साठा झाला की पत्रक भरावं लागतं. बहुतेक घातक रसायनांची ही मर्यादा ४,५३६ किलो; सरकारच्या 'अति घातक' यादीतल्या रसायनांची २२७ किलो, किंवा त्या रसायनाची स्वतःची मर्यादा, यांतली जी कमी ती. एकेक पिंप मोजायचं नाही, सगळ्या आवाराची बेरीज करायची. आणि बेरीज वजनाची, लिटरची नव्हे. एक लिटर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड १.८४ किलो भरतं.

हे सल्फ्युरिक ॲसिड अति घातक यादीत आहे, आणि ते लपून बसतं फोर्कलिफ्टच्या बॅटरीत. घरच्या इन्व्हर्टरसारखीच बॅटरी, फक्त राक्षसी. एका बॅटरीत १०० किलो द्रव धरा, त्यात साधारण ३६ किलो ॲसिड. सात फोर्कलिफ्ट झाल्या की २५२ किलो, म्हणजे मर्यादा ओलांडली. ॲसिडची एक बाटलीही विकत न घेतलेलं गोदाम यात सापडतं, कारण तिथला कारकून गेल्या वर्षीचंच पत्रक उतरवून काढतो.

हवेत, पाण्यात, जमिनीत काय सोडलं याचं पत्रक वेगळं, १ जुलैपर्यंत. अमेरिकी कागदावर ते ७/१ दिसेल. आपण ७ जानेवारी वाचतो, सांभाळा.

आपल्याकडे घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, नमुना ४, ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातं. पण त्यात टाकाऊ माल येतो. गोदामात शाबूत पडलेला येत नाही. त्याची वर्दी घातक रसायनांच्या साठवणुकीबद्दलच्या १९८९ च्या नियमांखाली द्यायची. क्लोरीन असेल तर १० टनांपासून, आणि काम सुरू करण्याच्या किमान ३ महिने आधी.