ज्वालामुखीच्या पोटात, नाशिकमार्गे

[दृश्य: बर्फाळ माळ, वाफेचे लोट, ड्रिलिंगचा मनोरा]

2009 साल. आइसलँडमधला क्राफ्ला ज्वालामुखी. जमिनीत आणखी खोलवरच्या उष्णतेतून जास्त वीज करता येईल का, हे पाहण्यासाठी तिथे एक विहीर खोदली जात होती. बेत चार किलोमीटरच्याही खाली जायचा होता. पण 2100 मीटरवर यंत्र अडकलं आणि वर येऊ लागले ताज्या काचेचे तुकडे. खाली सुमारे 900 अंश सेल्सिअसचा शिलारस होता. ड्रिल थेट त्यात शिरलं होतं, आणि ड्रिलिंगच्या थंड पाण्याशी गाठ पडताच त्या रसाची काच झाली होती. माणसाचं यंत्र शिलारसाच्या साठ्याला जाऊन भिडल्याचे प्रसंग जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

त्याच देशात थ्रीहनुकागिगुर नावाचा एक निद्रिस्त ज्वालामुखी आहे. त्यातला शिलारस निघून गेला आणि पोकळी तशीच राहिली. 1974 साली आर्नी स्टेफान्सन हे गुहाशोधक दोराला लटकून तिच्या तळाशी उतरले. खोली सुमारे 120 मीटर. आज पर्यटक तिथे पाळण्यात बसून जातात.

ज्वालामुखीच्या आत जायचं तर दोर हवा, यंत्र हवं, जिवाची तयारी हवी. नाशिकला मात्र एसटीचं तिकीट पुरतं.

[दृश्य: कसारा घाट, पावसाळी धुकं, चढणारे ट्रक]

हा थळ घाट. रोजच्या बोलण्यातला कसारा घाट. मुंबईहून नाशिकला येणारी बरीच माणसं इथून वर चढतात, आणि चढताना लाव्हाचे थर एकामागून एक ओलांडत जातात. दख्खनच्या या काळ्या पाषाणाचं, म्हणजे बेसॉल्टचं, वय साधारण 6 कोटी 60 लाख वर्षं. पसारा सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर. भूवैज्ञानिकांनी त्याचे जे गट पाडले, त्यातल्या तळाकडच्या गटाला कळसूबाईचं नाव दिलं आणि त्यातल्या एका थरसमूहाला इगतपुरीचं. जगभरच्या शोधनिबंधांत ही दोन नावं आपल्याच उच्चारात छापली जातात. शाळेत असताना हे कुणी सांगितलं असतं, तर भूगोलाच्या पुस्तकाकडे आम्ही वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं.

घाटातल्या एका थराकडे नीट बघा. काळ्या दगडात पांढुरक्या, लांबट पट्ट्या दिसतात. काही तर बोटाएवढ्या. हे प्लॅजिओक्लेज नावाच्या खनिजाचे स्फटिक. बेसॉल्टमध्ये एरवी स्फटिक इतके बारीक असतात की ते पाहायला भिंग लागतं, कारण जमिनीवर आलेला लाव्हा लवकर थिजतो आणि स्फटिकांना वाढायला उसंत मिळत नाही. मग हे एवढे मोठे कसे झाले? ते इथे वाढलेलेच नाहीत. ते वाढले खाली, काही किलोमीटर खोल, शिलारसाच्या साठ्यात. संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे त्यांना शेकडो वर्षं लागली, कदाचित हजार-दीड हजारही. मग एके दिवशी वाट फुटली आणि तो रस स्फटिकांसकट वर आला. क्राफ्लाला जिथवर पोचायला दोन किलोमीटर खोदावं लागलं, तसल्या साठ्याचा ऐवज इथे रस्त्याकडेच्या कातळात आहे.

[दृश्य: धोडपचा किल्ला, दूरवरून. कातळभिंत आणि तिच्यातली खाच]

लोक विचारतात, एवढा लाव्हा आला तर ज्वालामुखीचं तोंड कुठाय? फुजीसारखा शंकूच्या आकाराचा डोंगर का दिसत नाही? दख्खनमध्ये लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून आला. उद्रेक थांबला तेव्हा भेगेत उरलेला रस तिथेच थिजला आणि खडकाची उभी भिंत तयार झाली. भूशास्त्रात तिला डाइक म्हणतात. पुढे भोवतालचा खडक झिजला, भिंत मागे राहिली. चांदवड तालुक्यातल्या धोडपच्या माथ्यावर अशीच एक भिंत आहे. तिच्यातली ती प्रसिद्ध खाच ट्रेकर मंडळी फोटोसाठी शोधत जातात. फोटो जरूर काढा. पण आपण एका भेगेत थिजलेल्या शिलारसाजवळ उभे आहोत, एवढं ध्यानात ठेवून काढा. नाशिकपासून पुण्यापर्यंतच्या पट्ट्यात अशा डाइकचं जाळंच आहे.

आता लाव्हा बाहेर आल्यावर काय होत होतं ते पाहू. आपल्या भागातले थर बऱ्याच ठिकाणी एकसंध नाहीत. जिभेसारखे छोटे-छोटे ओघळ एकमेकांवर चढलेले दिसतात. ओघळाची वरची साय थंड होऊन घट्ट व्हायची, आत मात्र गरम रस येतच राहायचा. तव्यावरून काढलेली भाकरी निखाऱ्यावर टाकली की पापुद्रा जसा टम्म फुगतो, तसा ओघळ आतून फुगायचा. वायू वर धावायचा आणि सायीखाली बुडबुडे अडकायचे. विहीर खोदणारे लोक या सच्छिद्र थराला मांजऱ्या खडक म्हणतात. काळा घट्ट कातळ लागला की सुरुंगाचा खर्च वाढतो, आणि मांजऱ्या लागला की पाण्याची आशा वाढते. शेतकऱ्याच्या विहिरीचं गणित कधीकाळी अडकलेल्या त्या बुडबुड्यांवर येऊन ठेपतं.

[दृश्य: हिरव्या स्फटिकावर कॅमेरा सावकाश फिरतो]

त्या पोकळ्यांमध्ये नंतर आणखी एक गोष्ट घडली. कोमट, खनिजं विरघळलेलं पाणी खडकातून झिरपत राहिलं आणि पोकळ्यांच्या आतून स्फटिक उगवले. स्टिल्बाइट, हुलँडाइट, स्कोलेसाइट, अ‍ॅपोफिलाइट. नाशिकजवळच्या पांडवलेणी डोंगर परिसरातल्या खाणीतून निघालेला हिरवागार अ‍ॅपोफिलाइट जगभरच्या संग्रहालयांत मानानं मांडलेला असतो. लांब जायचं नसेल तर सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे. पोरांना एकदा तिथे न्याच. दगड म्हणजे काळाच, ही समजूत त्या दालनात टिकत नाही.

पांडवलेण्यांचा डोंगर तर याच कातळाचा. तिथली 24 लेणी कोरणाऱ्यांना भूशास्त्राची पुस्तकं ठाऊक नव्हती. पण सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख दोन हजार वर्षांजवळ आला तरी वाचता येतो, यात कोरणाऱ्यांच्या हाताइतकाच या पाषाणाचा वाटा आहे.

[दृश्य: डोंगरउतारावर काळ्या थरांमधली तांबडी रेघ]

आणि ही तांबडी रेघ. दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी मातीचा पट्टा. दोन उद्रेकांमध्ये जेव्हा मोठी विश्रांती पडली, तेव्हा लाव्हाचा पृष्ठभाग कुजला, त्याची माती झाली, आणि पुढच्या लाव्हानं तिला झाकलं. सारखा आग ओकत राहिलेला ज्वालामुखी, असं चित्र आपण मनात धरतो. ही रेघ ते चित्र खोडून काढते. मध्ये उसंत होती, पाऊस होता.

या तांबड्या पट्ट्यांवर जगातला एक मोठा वाद येऊन थांबलाय. डायनोसॉर कशानं संपले? मेक्सिकोत चिक्शुलूबला आदळलेल्या अशनीनं, की दख्खनच्या वायूंनी, की दोघांनी मिळून? उत्तरासाठी उद्रेकांच्या तारखा हव्यात. पट्ट्यांतल्या ज्वालामुखीय राखेत झिरकॉन या खनिजाचे सूक्ष्म कण सापडतात. त्यातलं युरेनियम ठरावीक गतीनं शिशात बदलत असतं, त्यावरून वय काढता येतं. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटानं ही वाट धरली. तिथल्याच बर्कली विद्यापीठाच्या गटानं खुद्द लाव्हातल्या प्लॅजिओक्लेजमध्ये काळाबरोबर साचत गेलेला आर्गॉन वायू मोजला. 2019 च्या फेब्रुवारीत दोघांचे निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. प्रिन्स्टनवाले म्हणाले, उद्रेक चार मोठ्या टप्प्यांत झाले आणि त्यातला एक अशनी पडायच्या कित्येक दहा हजार वर्षं आधी सुरू झाला होता. बर्कलीवाले म्हणाले, तीन चतुर्थांश लाव्हा अशनी पडल्यानंतरचा आहे. एकच सह्याद्री, एकाच वेळी छापलेली दोन उत्तरं. मुख्य उद्रेकांचा काळ मिळून दहा लाख वर्षांच्या आसपास किंवा त्याहून कमी, यावर मात्र दोघांचं जमतं.

खडकाला दिशाही आठवते. थंड होताना लाव्हातल्या लोहयुक्त कणांचं चुंबकत्व त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेनं कायम होतं. 1950 च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या दगडांचं चुंबकत्व मोजलं. त्यावरून दिसलं की या खडकांचा जन्म विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला झाला होता. खंड सरकतात, हे बहुतेकांनी मान्य करायच्या आधीची ही गोष्ट. आज नाशिक 20 अंश उत्तरेला आहे. पृथ्वीच्या पोटातून उष्णता वर येते अशा ज्या तप्त बिंदूवरून आपला भूभाग तेव्हा गेला, तो रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

[दृश्य: कोयना परिसर, लाकडी पेट्यांत रचलेले खडकाचे दंडगोल]

आपल्याकडेही विहीर खोदली गेली. 1967 च्या भूकंपानं हादरलेल्या कोयनेच्या परिसरात, भूकंपाचं मूळ शोधायला, तीन किलोमीटर खोल. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर लाव्हाचे थर लागले, आणि खाली अतिप्राचीन ग्रॅनाइट. किल्लारीला 1993 च्या भूकंपानंतर खोदलं, तेव्हा साडेतीनशे मीटरच्या आतच लाव्हा संपला. सह्याद्रीकडून पूर्वेला जाताना ही चळत कशी पातळ होते, ते या दोन छिद्रांतून दिसतं.

[दृश्य: नाशिकच्या पश्चिमेला अर्धा फोडलेला डोंगर, क्रशरची धूळ]

हा डोंगर खडीसाठी फोडलाय. खाणी नसत्या तर ते हिरवे स्फटिक उजेडात आले नसते, हे खरं आहे. पण थरांचा क्रम एकदा फुटला की तो पुन्हा रचता येत नाही, आणि नमुना कुठल्या थरातला हे माहीत नसेल तर त्याच्या वयाला अर्थ उरत नाही. थळ घाटातला मोठ्या स्फटिकांचा थर, धोडपची भिंत, ब्रह्मगिरीच्या उतारावरचे थर, यांना भूवारसा म्हणून राखीव करावं. खाणपट्टा देण्याआधी भूवैज्ञानिकानं तो डोंगर चालून पाहावा, थरांची नोंद करावी. ही मागणी ग्रामसभेच्या ठरावातून पुढे नेता येते, आणि त्र्यंबक, इगतपुरी, चांदवडच्या गावांना ती आजच मांडता येईल.