धुरी देण्याआधी चौकशी

श्रोतेहो, नमस्कार. घोडबंदर रस्त्यावर बाईक घसरते, मांडीचं हाड मोडतं, आत रॉड टाकतात. टाके कोरडे होतात, पेशंट घरी जातो आणि तीन आठवड्यांनी जखमेतून पू यायला लागतो. एकाला झालं तर ‘त्यांना शुगर आहे ना’ म्हणून विषय मिटतो. महिन्याभरात तिघांना झालं, की पहिला हुकूम सुटतो: ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, बंद करा, फ्युमिगेशन (जंतुनाशक धुरी) करा.

फॉर्मॅलिनच्या धुराने डोळे चुरचुरतात आणि काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. जंतू कुठून आला, हे मात्र कळत नाही. हवेतले जंतू बरेचसे माणसांच्या कातडीतूनच झडतात. दुसऱ्या दिवशी माणसं आत गेली की हवा पुन्हा होती तशीच.

म्हणून आधी जंतूचं नाव विचारावं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस असेल तर माणसांकडे बघा. साधारण तिघांतल्या एका धडधाकट माणसाच्या नाकात तो राहतो, आणि पुष्कळदा पेशंटच्या स्वतःच्याच अंगावरून जखमेत उतरतो. स्युडोमोनास असेल तर ओलावा शोधा: हात धुण्याचं बेसिन, उघडून ठेवलेली सलाइनची बाटली. महिना-दीड महिन्याने गाठी येत असतील आणि साध्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) काहीच उगवत नसेल, तर क्षयाच्या जंतूंचे नळाच्या पाण्यात राहणारे चुलतभाऊ आठवावेत.

मग यादी करायची. कोणाचं ऑपरेशन कधी, कोणत्या टेबलावर, हाताशी कोण, हत्यारांचा कोणता सेट. ज्यांना काहीच झालं नाही अशांचीही नावं तिच्यात हवीत; एरवी तिघांनाही एकाच सर्जनचा हात लागला म्हणजे दोष त्यांचाच, असं वाटून बसतं. तिघांचेही जंतू त्याच त्या औषधांना दाद देत नसतील तर ते एकाच ठिकाणाहून आल्याचा संशय बळावतो. पक्कं सांगायचं तर जंतूंची जनुकं जुळवावी लागतात.

माझी नजर आधी सेटवर जाते. आपल्याकडच्या छोट्या नर्सिंग होममध्ये प्लेट-स्क्रूचे सेट पुष्कळदा पुरवठादाराकडून येतात. सकाळी नौपाड्यात, संध्याकाळी वाशीत. पोकळ ड्रिलच्या नळीत आधीच्या रक्ताचा सुकलेला थर राहिला, तर १२१ अंशांची वाफही आतल्या जंतूपर्यंत नीट पोचत नाही. ट्रे ठासून भरला असेल तर तीच गत. सेटच्या बाहेर चिकटवलेल्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे बाहेर उष्णता पोचली, एवढंच कळतं. ट्रेच्या आत ठेवलेली रंग बदलणारी पट्टी आणि जिवंत बीजाणूंची (वाफेने मेले की नाही हे बघायची) चाचणी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता घरच्यांचं काम. आत धातू असेल तर ९० दिवसांपर्यंत सुरू झालेला संसर्ग ऑपरेशनशी जोडून पाहतात. या काळात जखम गळायला लागली, की कळव्याच्या किंवा ऐरोलीच्या ओळखीच्या डॉक्टरांकडून गोळ्या घेऊन गप्प बसू नका. तसं केलं तर ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलच्या यादीत तुमचं नावच येत नाही. पेशंट फार आजारी नसेल तर अँटिबायोटिकच्या आधी आतला नमुना घ्या असं सांगा. वरवर फिरवलेल्या बोळ्यात कातडीवरचेच जंतू सापडतात. आणि डिस्चार्ज घेताना इम्प्लांटचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवलंय का ते बघा. त्यावरचा बॅच नंबर इतर पेशंटांच्या नंबरांशी जुळवता येतो.