दिवाणाखालचा घाट

(पडद्यावर अंधार. फक्त आवाज: रुळावरून चाकं सरकल्याची बारीक घरघर.)

हा आवाज कसला, सांगा बरं. मिक्सर नाही, शिलाई मशीनही नाही. सहकारनगरमधल्या एका फ्लॅटचा हॉल आहे हा, रविवार सकाळचे सव्वासात झालेत, म्हणजे खरी डेक्कन क्वीन पुणे स्टेशनातून सुटायची वेळ, आणि त्याच टायमाला इथे चार डब्यांची पांढरी-निळी मॉडेल डेक्कन क्वीन लोणावळा सोडून घाट उतरायला निघालीये. आत काकू पोळ्या लाटतायत. त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही, सव्वीस वर्षं बघतायत त्या.

(दृश्य: दिवाणाखालून एकेक फळी बाहेर येते. टोकांना नंबर टाकलेत.)

काका बँकेतून रिटायर झाले. नाव सांगू नका म्हणाले, सोसायटीत उगाच चर्चा होते. त्यांचा घाट पाच फळ्यांचा आहे, मधल्या तीन चार-चार फुटी, टोकाच्या दोन पाच-पाच फुटी. एका टोकाला लोणावळा, दुसऱ्या टोकाला कर्जत, आणि हॉलच्या भिंतीपासून गॅलरीच्या दारापर्यंत एल आकारात वळलेला. चार बोल्ट आवळले, वायरचे प्लग जोडले की अर्ध्या तासात घाट तयार, आणि दुपारी पाहुणे यायच्या आत परत दिवाणाखाली, कारण त्याच दिवाणावर पाहुणे बसतात.

आता थोडं गणित, कारण या छंदात गणितापासून सुटका नाही. काकांचा स्केल एचओ, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान. दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिलिमीटर. का तेवढंच, तर जगात बऱ्याच ठिकाणी रेल्वेचा स्टँडर्ड गेज १४३५ मिलिमीटर आहे, भागिले ८७ केलं की साडेसोळा येतात. पण आपला ब्रॉडगेज १६७६! त्याला ८७ ने भागलं तर येतात सव्वाएकोणीस. म्हणजे तयार रूळ आणि तयार चाकं घेतली की आपली गाडी जवळपास पावणेतीन मिलिमीटर अरुंद रुळावर उभी राहते, धिप्पाड माणसाने दोन्ही पाय जवळ घेऊन उभं राहावं तशी. बघणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णव जणांना हे दिसत नाही. काकांना दिसतं. "रोज दिसतं," म्हणतात, "पण सगळे रूळ हाताने करायचे तर मला अजून एक जन्म पाहिजे, आणि तो हिला मान्य नाही."

आणि खरा बोरघाट? त्यातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, तब्बल १ इन ३७ चा चढ, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. तो अख्खा घाट ८७ ने भागून बसवायचा म्हटलं तर लांबी होते साधारण २९० मीटर आणि उंची दोन मजल्यांएवढी. सहकारनगरात तेवढी जागा कुणाकडे आहे हो. मग काकांनी लांबी सोडली पण चढ सोडला नाही. तीन फळ्या मिळून बारा फूट, त्याला ३७ ने भागा, जेमतेम दहा सेंटिमीटर उंची. बस, तेवढाच चढतो त्यांचा घाट, आणि तेवढ्या चढालाही चार डबे घेऊन एकट्या इंजिनाची चाकं जागच्या जागी गरगरतात. मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, का लावतात हे मला पुस्तकापेक्षा या दहा सेंटिमीटरनी जास्त चांगलं शिकवलं.

बँकर लावायचा म्हणजे पुढे एक इंजिन, मागे एक, आणि दोघांचा स्पीड सारखा. इथे खरी गंमत आहे. पूर्वी सगळं साध्या डीसीवर चालायचं, रुळात बारा व्होल्टपर्यंत करंट, नॉब फिरवला की स्पीड, प्लस-मायनस उलटं केलं की गाडी उलटी. पण त्यात एका रुळावरची दोन इंजिनं एकदमच पळतात, एकाला थांब आणि दुसऱ्याला चल म्हणता येत नाही. आता डीसीसी आलंय. रुळात करंट कायम असतो, त्यातूनच डिजिटल हुकूम जातात, आणि प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक डिकोडर, म्हणजे हुकूम वाचणारी चिप, तिला स्वतःचा पत्ता. नव्या डिकोडरचा पत्ता कंपनीकडून बहुतेक वेळा ३ असतो. काकांनी पहिल्यांदा दोन नवीन इंजिनं घेतली आणि पत्ते बदलायचं विसरले, एकाला हाक मारली तर दोन्ही पळाली, एक सरळ फरशीवर. त्याचा एक बफर, म्हणजे टोकाचा धक्का झेलणारा दांडा, अजून वाकडा आहे, मुद्दाम नीट केला नाही म्हणतात.

आणि पत्ते बदलून भागत नाही, दोन इंजिनांच्या मोटरी कधीच सारख्या नसतात. मागचं जास्त जोरात ढकलायला लागलं की मधले डबे वळणावर बाहेर उडतात, पुढचं जास्त ओढायला लागलं की तेच डबे आत पडतात. मग डिकोडरमधले आकडे बदलत बसायचं, सुरुवातीचा स्पीड, मधला, कमाल, एक आकडा वाढव, चालवून बघ, परत कमी कर. काकांचा एक अख्खा पावसाळा यात गेला. मी त्यांना विचारलं कंटाळा नाही आला का, तर म्हणाले अरे बँकेत चाळीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे जुळवले, हे निदान जुळले की चालायला लागतात.

(दृश्य: क्लोजअप. चहाची गाळणी, ड्रॉपर, रुळामधली खडी.)

आता हे जरा जवळून बघा. रुळामध्ये खडी टाकायची तर बांधकामावरची कच आणायची, ती चहाच्या गाळणीने दोनदा चाळायची, बारीक पूड टाकून द्यायची, राहिलेली रुळात पसरायची आणि मऊ ब्रशने स्लीपरवरून, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांवरून, एकेक दाणा खाली ढकलायचा. एकेक. मग स्प्रेने पाणी, आणि मग अर्धं फेविकॉल अर्धं पाणी ड्रॉपरने थेंब थेंब सोडायचं, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब. तो थेंब नसेल तर फेविकॉलचं पाणी खडीत मुरतच नाही, मोती होऊन वर बसतं आणि दाणे घेऊन वाहत जातं. रात्रभर हात लावायचा नाही. आणि पॉइंटपाशी, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, फेविकॉलचा एक थेंब जरी आत गेला तरी सकाळी पॉइंट हलत नाही. एक फूट रुळाला एक संध्याकाळ. पण वाळल्यावर ती खडी अशी दिसते ना, की आपण डोकं खाली घालून डोळा रुळाच्या लेव्हलला नेतो आणि घाटातल्या मंकी हिलला उभं असल्यासारखं वाटतं, वारा तेवढा फॅनचा.

फॅन मात्र गाडी चालताना बंद. धूळ रुळावर बसली की करंट तुटतो आणि इंजिन आचके देत थांबतं, म्हणून प्रत्येक वेळी आधी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने रूळ पुसायचे. कापड काळंकुट्ट निघतं. आपण हीच हवा आत घेतो, हे तेव्हा आठवू नये.

डोंगर थर्माकोलचा, वरून प्लास्टर. झाडं चहाच्या चोथ्याची, वाळवून, हिरवा रंग देऊन, तारेच्या फांद्यांवर चिकटवलेली. वायर, स्विच, एलईडी सगळं तपकीर गल्लीतून, जिथे काकांना दुकानदार लांबूनच ओळखतात आणि म्हणतात आले रेल्वेवाले. डबे सनबोर्डाचे, वर प्रिंट चिकटवलेली. परदेशी डबे येतात की चांगले, पण ते जर्मन नाहीतर इंग्लिश, आणि त्यांना रंग देऊन डेक्कन क्वीन म्हणायचं हे काकांना पटत नाही.

लोक म्हणतात हा साहेबांचा छंद. मला नाही पटत. पुण्यात ज्याने लहानपणी वाड्याच्या अंगणात दिवाळीचा किल्ला केलाय, पोत्यावर माती लिंपलीये, हळीव पेरून तटाखाली रान उगवलंय, त्याला यात नवीन काय? काकांच्या किल्ल्याला तेव्हासुद्धा चावीची पत्र्याची गाडी फिरायची, मावळे वर आणि खाली रेल्वे, आणि मोठी माणसं म्हणायची महाराजांच्या काळात कुठली रे आगगाडी. आणि गणपतीतले हलते देखावे बघायला रात्री बारा वाजता रांगा लावणारे आपणच. कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम १९९८ पासून आहे, तिथे दिवे मंद होऊन रात्र पडते आणि छोट्या शहरातले दिवे लागतात तेव्हा पोरं जो आवाज काढतात, तो मी मंडळांच्या देखाव्यापुढेही ऐकलाय, अगदी तोच.

(दृश्य: टेम्पो. चादरीत गुंडाळलेल्या फळ्या.)

तर यंदा काका पहिल्यांदाच घाट घराबाहेर घेऊन गेले. एका शाळेच्या हॉलमध्ये छंदांचं प्रदर्शन होतं, दोन दिवस. छोटा हत्ती केला, फळ्या उभ्या बांधल्या, मध्ये घरातल्या सगळ्या उशा. सहकारनगर ते कोथरूड रस्त्यात किती स्पीडब्रेकर आहेत हे आता काकांना तोंडपाठ आहे. पोचलो तर एक बोगदा निखळलेला आणि सतरा झाडं आडवी. त्यात हॉलची फरशी एका बाजूला उतरती! घरी फळ्या मिलिमीटरला मिळतात त्या तिथे मिळेनात, दोन आणि तीन नंबरच्या जोडावर प्रत्येक गाडी पडायची. शेवटी पायांखाली कॅरमच्या सोंगट्या सरकवल्या, शेजारच्याच टेबलवरून मागून आणल्या. दोन काळ्या, एक पांढरी. बसलं.

समोर पाटी: "गाडीला हात लावू नये. झाडांना लावला तरी चालेल, चहाचीच आहेत."

अर्थात पोरांनी गाडीलाच हात लावला. पण मजा पोरांची नाही, मोठ्यांची होती. प्रत्येकजण येऊन आधी आपलं काहीतरी शोधायचा. एक आजी बराच वेळ वाकून कर्जतच्या प्लॅटफॉर्मवर वडेवाला शोधत होत्या, नाही म्हटल्यावर नाराज झाल्या, आणि काकांनी तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं: वडेवाला, पाटीसकट. सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते एका रुळाबद्दल. घाट उतरताना मेन लाइनमधून एक फाटा निघून डोंगराकडे वर चढतो आणि तिथेच संपतो. हा कुठे जातो? कुठेच नाही. ती कॅच सायडिंग. उतारावर ब्रेक लागले नाहीत तर गाडी त्या चढावर जाऊन आपोआप थांबावी म्हणून. काका दोन दिवसांत हे कितीतरी वेळा सांगत होते आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक गृहस्थ आले, पांढरा शर्ट, हातात छत्री, बरोबर नातू. पंधरा मिनिटं काहीच बोलले नाहीत. नातू कंटाळून कॅरमकडे गेला. मग म्हणाले, "पॉइंट चुकीचा लागलाय तुमचा."

काका म्हणाले, "कुठला?"

"सायडिंगचा. तुमचा कायम मेन लाइनला आहे. घाटात तो नॉर्मलला सायडिंगकडेच असतो. गाडी आधी थांबते, थांबली म्हणजे ब्रेक लागतायत, मगच मेनला मिळतं. इतकी वर्षं थांबलोय मी तिथे. गाडी चालवायचो."

काकांनी गेजबद्दल विचारलं. रूळ अरुंद आहेत, दिसतं का? त्यांनी वाकून बघितलं, म्हणाले, "हो का? नाही बुवा."

(दृश्य: पुन्हा तोच हॉल, रविवार, सव्वासात.)

आता या घरात घाट उतरणारी प्रत्येक गाडी थांबते. डेक्कन क्वीनसुद्धा. सायडिंगच्या आधी, दहा सेकंद, काका मनात मोजतात, ओठ हलताना दिसतात. मग पॉइंटची टकटक होते, आणि गाडी पुढे.

आतून काकूंचा आवाज येतो, "बंद पडली का हो?"

"नाही गं. ब्रेक बघतोय."