दारं धरणाऱ्यांची झोप

(पडद्यावर काळोख आहे. विहिरीवरच्या मोटारीचा आवाज येतो आणि उसाच्या सऱ्यांमधून बॅटरीचा उजेड हळूहळू पुढे सरकताना दिसतो.)

रात्रीचे दोन वाजले आहेत. कृष्णाकाठच्या या उसात एक शेतकरी दारं धरतो आहे, म्हणजे पिकाला पाणी देतो आहे. एक सरी भरली की खोऱ्याने माती ओढून तिचे तोंड बंद करायचे आणि पुढच्या सरीचे तोंड मोकळे करायचे, हे काम तो दहा वाजल्यापासून करीत आहे. इतक्या रात्री शेतात कसे, असे सांगली जिल्ह्यात कोणालाही विचारले तर उत्तर दोनच शब्दांचे येते : "रात्रीची लाइट." शेतीपंपांना थ्री फेज वीज आळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, आणि ज्या आठवड्यात ती रात्रीची असते त्या आठवड्यात पिकाबरोबर माणसालाही जागावे लागते. उसात साप असतो, शिराळ्याकडच्या भागात बिबट्या असतो, त्यामुळे बांधावर डोळा लागणेही परवडत नाही. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. जिथे दिवसाची वीज पोहोचली तिथे शेतकऱ्याला त्याची रात्र परत मिळाली. जिथे ती पोहोचलेली नाही तिथल्या माणसांच्या झोपेविषयी आपण या माहितीपटात बोलणार आहोत.

ही माणसे एकटी नाहीत. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की गाळप चोवीस तास चालते आणि रात्रपाळीचा कामगार उजाडल्यावर घरी परततो. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन फडात उतरतात. या सर्वांना झोपेविषयीचा जो सल्ला ऐकायला मिळतो, लवकर निजा आणि ब्राह्ममुहूर्तावर उठा, तो सल्ला चांगला असला तरी त्यांच्या आयुष्यात तो बसत नाही. मग आयुर्वेद आपल्यासाठी नाही, असे मानून ते त्याच्याकडे पाठ फिरवतात. मूळ ग्रंथ उघडून पाहिले तर मात्र असे आढळते की जागावे लागणाऱ्या माणसाचा विचार तिथे फार पूर्वीच झालेला आहे.

(ग्रंथालयातील चरकसंहितेची प्रत आणि तिची उलटणारी पाने दिसतात.)

चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ, म्हणजे आधाराचे खांब, म्हटले आहे. सुख आणि दुःख, पुष्टी आणि कृशता, बळ आणि दुर्बलता, इतकेच नव्हे तर ज्ञान आणि अज्ञान हेही झोपेवर अवलंबून असते, असे या ग्रंथाच्या सूत्रस्थान या विभागातील एकविसाव्या अध्यायात सांगितले आहे. त्याच अध्यायात झोप नाहीशी होण्याची पाच कारणे दिली आहेत : कार्य, काल, विकार, प्रकृती आणि वायू. यांतील कालाचा अर्थ टीकाकारांनी म्हातारपण असा घेतला आहे. आमच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही की या यादीत पहिला शब्द 'कार्य' हा आहे. काम माणसाची झोप हिरावून घेते, हे ग्रंथकाराने मान्य केले आहे आणि त्यासाठी त्या माणसाला दोषी ठरवलेले नाही.

याच्या पुढचा उपाय वाग्भट या आयुर्वेदाचार्याच्या अष्टांगहृदय या ग्रंथात, सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सापडतो. रात्री योग्य वेळी आणि आपल्याला मानवेल इतके झोपावे, असे सांगून वाग्भट लगेच म्हणतो : "असात्म्याज्जागरादर्धं प्रातः स्वप्यादभुक्तवान्." सवय नसताना जागरण घडले, तर जितका वेळ जागलो त्याच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता, झोपावे.

या अर्ध्या ओळीत तीन सूचना आहेत आणि रात्रीच्या लाइटवरून परतणाऱ्या माणसाच्या नेमक्या तिन्ही चुकतात. तो सकाळी घरी येतो, चहा घेतो, धारा काढतो, दूध डेअरीला घालतो आणि दुपारी भाकरी, कालवण, भात असे पोटभर जेवून जो आडवा होतो तो दिवे लागणीलाच उठतो. झोप सकाळऐवजी दुपारी होते, उपाशीपोटी होण्याऐवजी भरल्या पोटी होते आणि इतकी लांबते की पुढच्या रात्री मोकळीक असूनही डोळा लागत नाही. अशा झोपेनंतर अंग जड वाटते, छातीत जळजळ होते, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते.

निम्माच वेळ का, याचे उत्तर आजच्या शरीरशास्त्राच्या आधारे शोधता येते. आपण जागे असतो तोवर मेंदूत अॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्याचा भार वाढला की झोप अनावर होते. जागरणानंतरच्या झोपेत शरीर सर्वांत आधी गाढ झोपेची तूट भरून काढते, त्यामुळे गमावलेल्या प्रत्येक तासासाठी एक तास मोजून द्यावा लागत नाही. उलट दिवसभर झोपून हा भार पुरता उतरवला, तर रात्री निजण्यासाठी लागणारी ओढच उरत नाही. वाग्भटाने हे द्रव्य पाहिलेले नव्हते. त्याने माणसे पाहिली होती, आणि त्या निरीक्षणातून काढलेला हा नियम आजही वापरता येण्याजोगा आहे, असे आम्हाला मनापासून वाटते.

एक मर्यादा मात्र ध्यानात घ्यावी. हा नियम अधूनमधून घडणाऱ्या जागरणासाठी आहे. कारखान्यात सलग रात्रपाळी करणाऱ्या कामगाराला निम्म्या झोपेवर दिवस काढता येणार नाहीत. प्रौढ माणसाला चोवीस तासांत किमान सात तास झोप लागते आणि ती त्याने दिवसा, शक्यतो रोज ठरलेल्या वेळी, पूर्ण केली पाहिजे.

(सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या पोत्यांची थप्पी. तिच्या सावलीत डोक्याखाली टॉवेल घेऊन एक हमाल झोपलेला दिसतो.)

दिवसा झोपू नये, हा नियम आयुर्वेदाने सर्वांना सरसकट लावलेला नाही. दिवसाची झोप कफ आणि पित्त वाढवते असे वाग्भट सांगतो, परंतु उन्हाळ्यात रात्री लहान असतात आणि शरीरात रूक्षता वाढते म्हणून त्या ऋतूत ती हितकर मानतो. शिवाय तो अपवादांची मोठी यादी देतो, तिच्यात म्हातारे, मुले आणि दुबळे यांच्याबरोबर वाट चालून आणि ओझी वाहून थकलेली माणसेही आहेत. यार्डात सकाळपासून पोती वाहणारा हा हमाल दुपारी घटकाभर पडतो तेव्हा त्याला आळशी म्हणणाऱ्यांनी ही यादी अवश्य वाचावी.

ब्राह्ममुहूर्ताचेही तसेच आहे. सूर्योदयापूर्वी सुमारे 96 मिनिटांनी तो सुरू होतो. त्या वेळी उठावे, असे सांगणाऱ्या श्लोकात 'स्वस्थ' हा शब्द आहे, म्हणजे ते निरोगी माणसासाठी सांगितलेले आहे. पहाटे चारला अंथरुणावर पाठ टेकलेल्या माणसाला साडेचारला हाक मारून उठवणे म्हणजे आयुर्वेदाचे पालन, असे कोणी समजू नये.

लाइट दिवसाची असते त्या आठवड्यात झोपेची तयारी सकाळीच सुरू होते. उगवतीचे ऊन डोळ्यांना मिळाले की शरीरातले घड्याळ जुळते. या घड्याळामागची जनुकीय यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. रात्रीचे जेवण हलके आणि लवकर असावे, आणि मोबाइल अंथरुणापासून लांब असावा, कारण डोळ्यांवर पडणारा त्याचा प्रकाश मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाला अडवतो. चहाचा अंमलही बराच वेळ टिकतो, कारण त्यातील निम्मे कॅफिन उतरायला सुमारे पाच तास लागतात.

झोप आणणाऱ्या पदार्थांत चरकाने म्हशीचे दूध श्रेष्ठ ठरवले आहे आणि ज्या जिल्ह्यात पंढरपुरी म्हैस दारात उभी असते तिथे ते विकत आणावे लागत नाही. मधुमेह असलेल्यांनी त्यात साखर घालू नये आणि ज्यांना दूध पचत नाही त्यांनी आग्रह धरू नये. तेल लावण्याचे महत्त्व वाग्भटाने दिनचर्येत सांगितले आहे. अभ्यंगाच्या फायद्यांत त्याने झोपेचा स्पष्ट उल्लेख केला आहे आणि डोके, कान व पाय यांना विशेषेकरून तेल लावावे असे म्हटले आहे. आपल्याकडे तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासण्याची रीत अजून कित्येक घरांत आहे. दिवसभर चिखलात उभ्या राहिलेल्या पायांना घरातल्या कोणी दहा मिनिटे तेल चोळून दिले, तर शरीर सैलावते आणि मनही निवते. अजीर्ण झाले असेल किंवा कफ वाढलेला असेल, तर अभ्यंग टाळावा, असेही तिथेच सांगितले आहे.

अश्वगंधा किंवा जटामांसी यांसारखी औषधे मात्र ऐकीव माहितीवर घेऊ नयेत, विशेषतः थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आणि गरोदरपणात. मोठ्याने घोरताना श्वास अडकत असेल, किंवा आठवड्यातून तीन रात्री झोप न येण्याचा त्रास तीन महिने टिकला असेल, तर तेल आणि दूध यांवर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवावे.

(पहाट होते. मोटारीचा आवाज बंद पडतो. शेतकरी खोरे खांद्यावर घेऊन घराकडे निघतो.)

लाइट गेली आहे. रोज सात तास झोपणारा हा माणूस रात्रभर जागला आहे, तेव्हा वाग्भटाच्या हिशोबाने त्याला साडेतीन तास झोप हवी आहे. आज धारा त्याच्या मुलाने काढल्या आहेत. मागच्या खोलीच्या खिडकीवर जाड चादर लावली आहे, मोबाइल पत्नीने स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आहे आणि चुलीवरचा चहा आज त्याच्यासाठी ओतलेला नाही. तो हातपाय धुतो, घोटभर कोमट पाणी पितो आणि सात वाजता आडवा होतो. साडेदहा वाजता त्याला हाक मारायची आणि मगच ताट वाढायचे, हे घरात ठरलेले आहे.