सांगितल्यानंतर काय होतं?

श्रोतेहो, नमस्कार.

नववीच्या वर्गात ‘गुड टच, बॅड टच’चा तक्ता टांगून बघा. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत खसखस पिकते. बालवाडीतल्या मुलांसाठी काढलेलं ते चित्र, लाल-हिरव्या रंगातला तो बाहुला, आणि समोर वयात आलेली पोरं! बावीस वर्षं मी माध्यमिक शाळेत शिकवते आहे. सुरुवातीची बरीच वर्षं मीही तोच तक्ता टांगायचे आणि शासनाला कळवायचे, ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला.’ त्या तासाला मुलगे मैदानावर क्रिकेट खेळायचे आणि मुली दार लावून वर्गात बसायच्या.

तो तक्ता उतरवला चिठ्ठ्यांनी. एका वर्षी मी बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला आणि म्हटलं, नाव न घालता जे विचारायचं ते विचारा. मला वाटलं होतं, शरीराबद्दल काहीबाही विचारतील. तसे प्रश्न आलेच. पण बाकीच्या चिठ्ठ्या अशा होत्या: ‘सांगितलं तर माझी शाळा बंद करतील का?’ ‘पोलीस गाडी घेऊन दारात येतात का?’ ‘तो आमच्या घराला पैसे पुरवतो, मग?’ एका चिठ्ठीवरचं अक्षर ओळखीचं होतं, एका मुलाचं. ‘मी मुलगा आहे, मला सगळे हसतील.’

लैंगिक छळ म्हणजे काय, वाईट काय ते या वयाला कळतं. सांगितल्यावर काय होतं, ते मात्र त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मग ती आपल्या मनानं चित्र रंगवतात: बापाचा मार, मोबाईल जप्त, शाळा बंद, मुलगी असेल तर घाईनं लग्न. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असा त्यांचा हिशोब असतो. तो वेडगळ नाही हो, त्यांनी आजूबाजूला पाहिलेलंच असतं ते.

मैदानावरच्या मुलग्यांचं आधी बोलते. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ सालचा एक मोठा अभ्यास आहे. तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांना त्यात विचारलं होतं. कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं ५३ टक्के मुलांनी सांगितलं, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. छळ करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले. हे वाचलं आणि माझा तो क्रिकेटचा तास मला फार लागला. आता मुलगे-मुली एकत्र बसतात. पहिले दहा मिनिटं हसतात, मग हसत नाहीत.

आता माझी एक चूक. नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत आली. म्हणाली, “बाई, कुणाला सांगणार नाही ना?” मी म्हटलं, “नाही गं, शपथ.” तिनं जे सांगितलं ते ऐकून मला गप्प बसता येणारच नव्हतं. मला सांगावंच लागलं. काम योग्य झालं, पण तिच्या दृष्टीनं मी शपथ मोडली. दहावीचा निकाल न्यायला आली तेव्हाही तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हापासून वर्गात माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: “तुम्ही सांगितलेलं माझ्यापाशी राहणार नाही. पण ते कुणाकुणाला कळेल, हे मी तुम्हाला आधी सांगेन.” श्रोत्यांमध्ये शिक्षक असतील, मावश्या, काका असतील, त्यांनी तेवढी शपथ कधी घालून घेऊ नये.

कारण कायदाच तसा आहे. बालकांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं, की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. “बाई, जरा सबुरीनं घ्या, शाळेचं नाव खराब होईल,” असं मलाही एका ठिकाणी ऐकायला मिळालं होतं. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याच्या २०२४ सालच्या प्रकरणात संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही वेळेत कळवलं नाही म्हणून गुन्हा नोंदला गेला, तेव्हापासून ही सबुरी जरा कमी झाली आहे.

मुलांना मात्र कलमं सांगून उपयोग नाही. त्यांना मी प्रसंग सांगते. जबाब घ्यायला पोलीस तुमच्या घरी येतील किंवा तुम्ही म्हणाल तिथं येतील. शक्यतो महिला अधिकारी असेल. खाकी गणवेश नसेल. आईबाबा किंवा तुमचा भरवसा असलेलं माणूस शेजारी बसेल. रात्री पोलीस ठाण्यात ठेवून घेता येणार नाही. पेपरात तुमचं नाव, फोटो, शाळा, काही छापता येणार नाही. चोवीस तासांत बालकल्याण समितीला, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचं काम पाहणाऱ्या समितीला, कळवलं जाईल. कोर्टात अत्याचार करणाऱ्याच्या समोर उभं राहावं लागणार नाही. प्रत्येक ठाण्यात हे सगळं असंच घडतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण “गणवेशात येऊ नका” हे म्हणायचा हक्क आपल्याला आहे, एवढं तरी घरच्यांना ठाऊक हवं.

या वयात मुलं आधी मैत्रिणीला, मित्राला सांगतात. म्हणून ऐकणाऱ्यालाही शिकवावं लागतं. “तू तिथं गेलीसच का?” हा प्रश्न वर्गात मी बंद केला आहे. दुसरं, ऐकून घेतलेल्या मित्राला धाक वाटतो की आता आपणही अडकलो. तर नाही, न कळवल्याची ती शिक्षा अठराखालच्या मुलाला लागू होत नाही. त्यानं फक्त एखाद्या मोठ्या माणसाकडे हात धरून न्यायचं.

फोनचा विषय वेगळा तास खातो. गोडीगुलाबीनं सुरुवात होते: रिचार्ज, ‘तुझ्यासारखं समजूतदार कुणी नाही’, मग एक फोटो, मग त्याच फोटोची धमकी. अशा वेळी मुलं घाबरून सगळं पुसून टाकतात. मी सांगते, मेसेज पुसू नका, धमकीला उत्तर देऊ नका, आणि तो फोटो कुणालाही पुढे पाठवू नका, अगदी पुरावा म्हणून मैत्रिणीलाही नाही. फोन तसाच मोठ्या माणसाच्या हातात द्या. आणि पालकांनो, तो फोन हातात आल्यावर पहिला राग मुलावर काढू नका. काढलात तर पुढच्या वेळी फोन तुमच्या हातात येणार नाही.

चाइल्डलाइन म्हणजे अडचणीतल्या मुलांसाठीची मदतीची फोनसेवा. तिचा क्रमांक १०९८. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून १९९६ साली ती सुरू झाली, आता ती सरकारी यंत्रणेचा भाग आहे. वर्गात मी हा आकडा ‘एक हजार अठ्ठ्याण्णव’ असा म्हणू देत नाही. दहा, नऊ, आठ, उलटी मोजणी, म्हणजे विसरत नाही. पैसे लागत नाहीत. मग दोघं-दोघं समोरासमोर बसतात, एक फोन करतो, एक उचलतो. पहिलं वाक्यच सर्वांत अवघड जातं. बहुतेक जण “हॅलो” म्हणतात आणि थांबतात. मग आम्ही ते वाक्य मिळून बनवतो: “मला एक सांगायचंय, माझ्या मित्राबद्दल आहे.” मित्राबद्दल म्हणून सुरुवात केली तरी चालते, पलीकडच्या माणसाला कळतं.

गेल्या आठवड्यात डब्यात एकच चिठ्ठी होती. ‘बाई, तो नंबर रात्री पण लागतो का?’ कुणी लिहिली ते मी शोधलं नाही. दुसऱ्या दिवशी हजेरी घेण्याआधी सगळ्या वर्गाला सांगितलं, “लागतो. रात्री दोनलाही लागतो. आणि माझा नंबर फळ्यावर लिहितेय, उतरवून घ्या.” मग फळा मधल्या सुट्टीपर्यंत पुसू दिला नाही.

नमस्कार.