जगातलं सगळ्यात मोठं टेनिस स्टेडियम, आणि त्याच्या आवारात कोर्ट बुक करा कुणीपण!

नमस्कार मंडळी! नाशकात पाऊस काही उघडायचं नाव घेत नाहीये, गोल्फ क्लब मैदानावर नुसता चिखल, म्हणून आजचा विषय पण पावसाचाच, फक्त न्यूयॉर्कमधल्या.

यूएस ओपन ही टेनिस स्पर्धा जिथं होते ना, न्यूयॉर्कचं फ्लशिंग मेडोज, तिथलं आर्थर ॲश स्टेडियम म्हणजे टेनिसमध्ये जगात सगळ्यात मोठं, 23,771 सीट. 1997 ला सुरू झालं, एवढं सगळं केलं आणि डोक्यावर छप्परच नाही! मग व्हायचं तेच झालं, 2008 ते 2012 सलग 5 वर्षं पुरुषांची फायनल पावसापायी रविवारऐवजी सोमवारवर गेली. इकडे आपण रात्र जागायची तयारी करून बसलेलो, बोला आता.

बरं छप्पर टाकायला 2016 का उजाडलं? तर जमीन. तिथं आधी दलदल, त्यावर राखेचे ढीग, आणि स्टेडियमचा सांगाडा छपराचं वजन पेलेल असा बांधलेलाच नव्हता. आपल्याकडे काळ्या मातीत घर बांधायचं म्हटलं की इंजिनिअर आधी घराच्या पायाचंच बोलतो, तसंच. मग त्यांनी काय केलं, छपराचा भार स्टेडियमवर टाकलाच नाही, बाहेरून 8 स्टीलचे खांब वेगळे उभे केले, त्यांच्याखाली जमिनीत खोल पाइल, म्हणजे पायाचे खांब, मारले, आणि वर काच-पत्रा काही नाही, कापड! दोन मोठे भाग सरकत येतात आणि 10 मिनिटांच्या आत बंद. पण बंद झालं की आत दमट होणार, म्हणून थंड हवा सोडायची सिस्टीम पण आहे. आवाज मात्र जाम घुमतो, पहिल्याच वर्षी खेळाडूंनी कुरकुर केली होती.

आता मला खरं आवडलेलं सांगतो. ही जागा पब्लिक पार्कमध्ये आहे, स्पर्धा संपली की वर्षातला बराचसा काळ मोठी स्टेडियम सोडून बाकीची कोर्ट सामान्य माणूस पैसे भरून बुक करतो, आतमध्ये 12 इनडोअर कोर्ट आहेत म्हणजे थंडीतपण खेळ चालू. नाहीतर आपल्याकडे मोठं स्टेडियम म्हटलं की गेटला कुलूप आणि वॉचमन, पटतंय ना?

आणि कोणाचा भाऊ-बहीण तिकडे असेल तर सांगून ठेवा, क्वालिफाइंगच्या, म्हणजे मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता फेऱ्यांच्या आठवड्यात एंट्री फ्री असते, ॲशच्या पार वरच्या सीटचं तिकीट काढून शेवटी स्क्रीनकडेच बघत बसण्यापेक्षा बाहेरच्या कोर्टवर जाळीला टेकून मॅच बघा म्हणावं.

पुढच्या व्हिडिओत पुण्याचं बालेवाडी घेतोय, तिथं कोणी खेळलं असेल तर कमेंटमध्ये लिहा.